पडदे ओढलेले शुक्रवार

सुरुवात झाली ती एका भोपळ्यावरून, आणि तीही भर दिवसा, सुपरमार्केटात. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या दुकानात एरवी भोपळा म्हणजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक फोड. पण ऑक्टोबर लागला की दारातच गोल गरगरीत केशरी भोपळ्यांचा ढीग लागायचा, शेजारी कागदी वटवाघळं आणि चेटकिणींच्या टोप्या. पर्णिकानं एक भोपळा उचलून ट्रॉलीत ठेवला. मुग्धानं लेबल वाचलं आणि तो मुकाट्यानं परत ढिगावर नेऊन ठेवला.

“तीस दिरहम! म्हणजे जवळजवळ चारशे रुपये. भोपळ्याला!”

“ममा, इट्स फॉर हॅलोवीन. यू डोन्ट ईट इट.”

“खायचाही नाही? मग तर मुळीच नको.”

पर्णिकानं हट्ट केला नाही. नुसती मान खाली घालून ट्रॉली ढकलायला लागली. दहा वर्षांची पोर हट्ट करत नाही याचं दुःख ज्या आईला माहीत आहे तिलाच माहीत. समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण आभा घर सोडून गेल्यापासून ही पोर अशीच झाली होती. विचारलं तर उत्तर द्यायची, दिलं तर खायची, आणि उरलेला वेळ बाल्कनीतून खाडीच्या पाण्याकडे बघत बसायची. काउंटरजवळच्या रॅकमध्ये भुताखेतांच्या डीव्हीडी लावलेल्या होत्या. मुग्धानं त्यातल्या दोन उचलल्या.

“काय मग? आपले भुतांचे शुक्रवार सुरू करायचे का परत?”

पर्णिकाचा चेहरा असा उजळला की मुग्धाला वाटलं, हे आधीच का सुचलं नाही आपल्याला.

हे भुतांचे शुक्रवार म्हणजे विभावरीची आयडिया. विभावरी ही आभाची आई, तीनशे तीनमध्ये राहायची. आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, मुलींनी शाळेतून हॅलोवीनचं खूळ आणलं. कपडे, मुखवटे असली नसती थेरं नकोत म्हणून दोघी आयांनी तोडगा काढला: ऑक्टोबरातल्या दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की मुग्धाच्या हॉलचे पडदे ओढायचे आणि एक भुताचा सिनेमा बघायचा. बाहेर ऊन एवढं पांढरं की डोळे उघडवत नाहीत, मशिदीतून माणसं घरी परतताहेत, आणि आत काळोखात चौघी एका सोफ्यावर उशा छातीशी धरून. राजन, मुग्धाचा नवरा, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत हिशेब सांभाळायचा. आठवड्यातून मिळणारी एकच दुपार तो आतल्या खोलीत घोरून साजरी करायचा. त्याच्या घोरण्याला मुली बॅकग्राउंड म्युझिक म्हणायच्या.

मग मंदी आली. माणसं कशी नाहीशी झाली ते तिथं राहिलेल्यांना विचारा. सकाळी ऑफिसात दिसलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईत. घरात टीव्ही चालू, फ्रीजमध्ये दूध, आणि गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धुळीनं माखलेली. फेब्रुवारीत एका सकाळी तीनशे तीनच्या दाराबाहेर चपलांचं रॅक होतं, आभाचे शाळेचे बूट होते, पण आत कोणी नव्हतं. फोन बंद.

“अंकुरचा जॉब गेला असणार,” राजन विभावरीच्या नवऱ्याबद्दल म्हणाला होता. “लोन असेल. चेक बाऊन्स झाला की इकडे डायरेक्ट जेल. पळाले बिचारे. खलास.”

सगळ्यांनीच तसं मानलं. त्या वर्षी दुसरं कारण कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मजल्यावर मुग्धाचं एकच बिऱ्हाड उरलं. मुग्धाला राग मात्र आला होता. निदान निरोप तरी घ्यायचास, विभा!

आणि विभाचा डबा मुग्धाकडे राहिला तो राहिलाच.

डबा स्टीलचा, कडीचं झाकण असलेला, जुन्या घडणीचा. आदल्या ऑक्टोबरातल्या शेवटच्या शुक्रवारी तो चकल्या घेऊन आला होता. आता शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. काहीतरी चांगलं करू आणि देऊ, असं म्हणत मुग्धानं दिवस ढकलले आणि शेजारीणच उठून गेली. जवळजवळ वर्षभर तो डबा ओट्यावरच्या कपाटातून तिच्याकडे बघत होता.

त्या पहिल्या शुक्रवारी मुग्धानं पातळ पोह्यांचा चिवडा केला. वाडग्यात काढताना डबा दिसला आणि तिच्या मनात आलं, आज विभाचा वाटाही काढावा. तिनं डबा भरला, तीनशे तीनच्या चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवला आणि स्वतःशीच हसली.

“हॅलोवीनला भुतांसाठी खाऊ ठेवतात ना? घ्या म्हणावं.”

“ममा, दॅट्स सो कूल,” पर्णिका म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिनं आईच्या कमरेला मिठी मारली.

सिनेमा संपला, पडदे उघडले, चहा झाला. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून मुग्धानं दार उघडलं, तर डबा तिच्याच उंबऱ्याशी होता. घासलेला, पुसून कोरडा केलेला. तिनं कडी काढली. आत तळाला चिमूटभर साखर होती.

चिवडा इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, खाऊ शकला असता. पण गुलजमान पेशावरचा. तो डबा घासून परत करताना त्यात साखर कशाला घालेल? घरात द्यायला काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची, हे फक्त आपल्या बायकांना माहीत. तिनं तीनशे तीनच्या बंद दाराकडे पाहिलं आणि तिला एकदम सगळं कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं.

विभा आतच होती. कुठेही गेलेली नव्हती. पोलिसांच्या भीतीनं, दिव्याशिवाय, नवऱ्याला आणि पोरीला घेऊन आत दडून बसली होती. असे किस्से तेव्हा कानावर येतच होते. मुग्धाचे डोळे भरून आले. ती दाराशी गेली आणि फटीला तोंड लावून कुजबुजली, “विभा… मी आहे गं. मी कोणाला बोलणार नाही. राजनलाही नाही.”

फटीतून बंद घराचा कुबट वास आला, आणि त्यात मिसळलेला शिकेकाईचा, नुकत्याच न्हालेल्या ओल्या केसांचा वास. घरात बाई असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा मुग्धाला नको होता.

पुढच्या शुक्रवारी तिनं डब्यात पोळ्या आणि कोरडी भाजी दिली. डबा परत आला, साखर घेऊन. त्या दिवशी सिनेमा बघताना तिच्या लक्षात आलं की पर्णिका सोफ्याच्या अगदी कडेला, पाय जवळ घेऊन बसली आहे. दोघींच्या मधे एक जागा मोकळी.

“अगं, नीट बस की. पडशील.”

“आय ॲम फाइन, ममा.”

पडद्यावर तळघराचं दार करकरत उघडलं. पर्णिका किंचाळली आणि लगेच खुदकन हसली. मुग्धाला वाटलं, हसण्याचे आवाज दोन आले. तिनं रिमोटनं आवाज कमी केला. आतल्या खोलीत राजन घोरत होता, एसी घरघरत होता, बाकी काही नव्हतं. पर्णिका त्या मोकळ्या जागेकडे झुकून हळूच म्हणाली, “डोन्ट वरी. इट्स ओन्ली अ मूव्ही.”

“कोणाशी बोलतेस गं?”

“नोबडी.”

एकट्या पोराला असे नोबडी असतातच, असं मुग्धानं स्वतःला समजावलं. पोर हसते आहे, एवढं तिला पुरे होतं. आईच्या मनाला पुरे झालं की डोळे फार खोलात जात नाहीत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शुक्रवारच होता. मुग्धाचा फराळ नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवसावर आलेला. दोन्ही हात चकलीच्या पिठात, कढईत तेल तापलेलं, आणि विभासाठी भरलेला डबा ओट्यावर तयार. मग कोणत्याही मराठी घरात होतं तेच झालं. शेजारी डबा पोचवायला घरातलं पोर असतंच.

“पर्णिका, जरा हा डबा समोर ठेवून ये. आवाज करू नकोस. कोणाला सांगायचं नाही हं, आपलं सीक्रेट.”

पर्णिका डबा घेऊन गेली. चकल्यांचा एक घाणा निघाला, दुसरा पडला. मुग्धानं हाक मारली. तिसरा घाणा सोडताना तिनं पुन्हा हाक मारली. गॅस बंद करून ती पिठाच्या हातांनीच दाराकडे निघाली, तेवढ्यात दार लोटून पर्णिका आत आली. हात रिकामे, केस कपाळाला चिकटलेले.

“एवढा वेळ? काय करत होतीस?”

“गप्पा मारत बसले होते.”

मुग्धाला हायसं वाटलं. म्हणजे आत आभा होती, आणि ठीक होती. पोरीनं चक्क मराठीत उत्तर दिलं याचंही तिला बरं वाटलं. ती तशीच पुन्हा कढईकडे वळली.

दुपारी त्यांनी सिनेमा लावला. पर्णिका सोफ्याच्या मधोमध, आईला अगदी खेटून बसली. आता मधे जागा नव्हती. एक भयंकर प्रसंग आला, मुग्धानं उशीत तोंड लपवलं, आणि उशीच्या कडेवरून लेकीकडे पाहिलं. पर्णिका पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. टीव्हीचा निळा उजेड तिच्या गालावर हलत होता आणि ती पापणी न लववता, प्रेमानं, भुकेल्या माणसानं ताटाकडे बघावं तशी बघत होती.

“काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “किती छान दिसतेस तू, आई.”

दिवाळी झकास झाली. असं राजन म्हणायचा. पर्णिका हाक न मारता पहाटे उठली, उटणं लावून घेतलं, वडिलांच्या पाया पडली. पानातलं कारलं संपवलं. मुग्धाचं मन मात्र कुठंतरी अडखळत होतं. तिच्या हातांना जाणवायचं की ही वेणी घालताना डोकं मागे ओढत नाही. शाम्पूनं धुतलेल्या त्या केसांना शिकेकाईचा वास यायचा.

“दिवाळीनं सुधारली बघ तुझी लेक,” राजन खुशीत म्हणाला. “ममा-बिमा बंद. कसलं क्लीन मराठी बोलते!”

पुढच्या शुक्रवारी सकाळी शारजात मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. पर्णिकानं स्टेजवर जाऊन एक शब्दही न चुकता शुभंकरोति म्हटली. टाळ्या पडल्या. फराळाचा धंदा करणारे वसंतराव, मंडळातले सगळ्यांत जुने, डोळे पुसत मुग्धाकडे आले.

“वहिनी, इथली पोरं असं बोलत नाहीत हो. आमच्या लहानपणी असं बोलायचे. जीते रहो! अरे हो, तुमचे ते शेजारी, अंकुर, पुण्यात भेटले की मला. मजेत आहेत. विभावहिनींनी नंबर दिलाय तुमच्यासाठी.”

“पुण्यात?” मुग्धानं विचारलं. “कधी भेटले?”

“गणपतीत. तिघंही होते. फेब्रुवारीपासून तिथंच आहेत म्हणाले.”

मुग्धानं हातातली बशी खाली ठेवली. गेले तीन आठवडे ती कोणाला जेवू घालत होती?

घरी आल्यावर राजन झोपला. पर्णिका हॉलमध्ये पडदे ओढायला लागली. मुग्धा बाल्कनीत गेली, काचेचं दार लावून घेतलं आणि नंबर फिरवला.

“विभा, मी मुग्धा…”

पलीकडे आधी आनंद, मग रडू, मग माफी. न सांगता निघालो, रागावू नकोस. मुग्धानं तिला मधेच तोडलं.

“तुझा डबा माझ्याकडे राहिला होता. स्टीलचा.”

विभावरी म्हणाली, “तो डबा माझा नाही गं. आम्ही राहायला आलो तेव्हा ओट्यावर होता, साखर घातलेला. मला वाटलं तू दिलास. म्हणून मी भरून तुझ्याकडे पाठवला.”

“मी कधीच दिला नव्हता. मला वाटलं तुझा.”

“ते मला नंतर कळलं.” विभावरीचा आवाज खाली आला. “मुग्धा, ह्यांची नोकरी गेली नव्हती. लोक म्हणाले, आम्ही म्हणू दिलं. खरं कोणाला सांगणार? आभा स्टोअर रूममध्ये दार लावून बसायची. कोणाशी तरी मराठीत बोलायची. आमची आभा, जिला साधं वरण मागता येत नव्हतं… आणि एक दिवस मला विचारते, ममा, ती म्हणते मी तिकडे राहीन आणि ती इकडे येईल, थोडे दिवस, चालेल का? मी तिला उचलली आणि त्याच दिवशी निघालो. बूटसुद्धा घेतले नाहीत. तू तो डबा फेकून दे. आणि हे बघ, पर्णिकाला त्या दाराकडे पाठवू नकोस. एकदाही. ऐकतेस ना? हॅलो? मुग्धा…?”

मुग्धा काचेतून आत बघत होती. हॉलमध्ये काळोख झाला होता, आणि त्या काळोखात सोफ्याच्या मधोमध बसलेली मुलगी तिच्याकडे बघून, ये ना, असा हात करत होती.

मुग्धा हॉलमधून धावतच बाहेर गेली. तीनशे तीनच्या दारावर तिनं दोन्ही तळहात आपटले. आत काहीतरी सरकलं. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडच्या अंगानं, दबलेला आवाज आला.

“ममा? इज द मूव्ही ओव्हर? इट्स सो डार्क… ममा, ओपन द डोअर.”

गुलजमान किल्ल्या घेऊन आला. राजन डोळे चोळत आला. दार उघडलं. रिकाम्या खोल्या, फरशीवर वाळूचा बारीक थर, आणि त्या थरावर एक पाऊल उमटलेलं नाही. मुग्धानं स्टोअर रूम उघडली, कपाटं उघडली, नाव घेऊन हाका मारल्या. तिच्या मागे उंबऱ्यात ती मुलगी राजनचा हात धरून उभी होती.

“आई, मी इथं आहे ना,” ती म्हणाली. “घरी चल.”

दार पुन्हा बंद झालं तेव्हा आतून पुन्हा हाक आली. राजनला ऐकू आली नाही. गुलजमानला ऐकू आली असावी, कारण तो भराभर जिना उतरला आणि पुढं त्या मजल्यावर कधी आलाच नाही.

राजननं महिन्याभरात शारजात घर घेतलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. लोक म्हणाले, मंदीचं टेन्शन, बायकांना जास्त लागतं. मुग्धा त्या मुलीला जेवू घालते, तिच्या परीक्षांना जागते, ताप आला तर उशाशी बसते. तिच्यात खोड काढायला जागाच नाही, आणि तेच मुग्धाला सोसत नाही. कधी कधी त्या मुलीबद्दल तिला माया वाटते, मग त्या मायेची इतकी लाज वाटते की ती नळ सोडून रडते.

पण दर ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी, ती गाडी काढून एकटी उम्म अल कुवैनला येते. तीनशे तीनला भाडेकरू टिकत नाहीत, मजला सुनाच असतो. दाराशी सतरंजी टाकून ती लॅपटॉपवर भुताचा सिनेमा लावते, स्पीकर फटीकडे करून आवाज मोठा करते. भीतीचा प्रसंग आला की आतून किंचाळी येते आणि मग हसू. “ममा, डोन्ट गो टिल इट्स ओव्हर.” मुग्धा जात नाही. सिनेमाच्या शेवटची नावं संपेपर्यंत दाराला गाल लावून बसते.

घरची पर्णिका आता उंचीनं तिच्या वर गेली आहे. दारामागचा आवाज मात्र दहा वर्षांचाच राहिला.

यंदाच्या पहिल्या शुक्रवारी मुग्धानं सिनेमा लावला. भीतीचा प्रसंग आला आणि गेला, आतून काही आलं नाही. तिनं सिनेमा थांबवला, दारावर हलकेच टकटक केली.

“पर्णिका… मी आलेय गं. ममा.”

आत पावलं वाजली. दारापाशी येऊन थांबली. आवाज तोच होता, तिच्या लेकीचा, पण शब्द स्वच्छ मराठी होते. अनोळखी माणूस दारात आला की चांगल्या घरातलं पोर विचारतं तसं, अदबीनं तिनं विचारलं,

“कोण पाहिजे, काकू?”